साक्षगंध कोणत्या रकान्यात लिहायचे?

आमच्या भंडारा जिल्ह्यात लग्न एका दिवसात होत नाही. आधी पाहुणे येतात, चहा-पोहे होतात, मग देण्याघेण्याची बोलणी, मग सुपारी फुटते, आणि मग साक्षगंध. पुण्या-मुंबईकडे ज्याला साखरपुडा म्हणतात ते आमचे साक्षगंध. ते झाले की मुलगी अर्धी सासरची झाली. सणाला तिच्यासाठी सासरहून साडी येते. तिच्या आजोबांच्या तेरवीला होणारा जावई येऊन पंगतीत वाढू लागतो. 'तिचं ठरलं' असे शेजारीण म्हणते, त्या दोन शब्दांत केवढे बंधन असते हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मग धान कापायचे, मळायचे, विकायचे, आणि हातात पैसा आला की मार्गशीर्षात किंवा पुढे उन्हाळ्यात लग्न. ठरणे आणि होणे यांच्यात चार-सहा महिने सहज जातात, कधी वर्षही जाते.

या चार-सहा महिन्यांसाठी परदेशच्या अर्जात रकाना नाही. कॅनडाच्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज घ्या. मुलांच्या भाषेत 'पीआर'. त्यात वैवाहिक स्थिती विचारतात. अविवाहित, विवाहित, विभक्त, घटस्फोटित, विधवा किंवा विधुर, असे सगळे आहे. लग्नाशिवाय वर्षभर नवराबायकोसारखे एकत्र राहणाऱ्या जोडप्यासाठीही वेगळा शब्द आहे आणि त्या जोडीदाराला पत्नीइतकाच हक्क आहे. (हे मी एकदा साकोलीकडच्या एका आजोबांना सांगितले. त्यांनी पानाचा डबा बंद केला आणि विषय बदलला.) पण जिचे साक्षगंध झाले आहे, जिच्या नावाची पत्रिका छापायला गेली आहे, अशा मुलीसाठी तिथे काही नाही. कायद्याच्या नजरेत मुलगा अविवाहित आणि ती त्याची कोणी नाही.

भंडाऱ्याच्या कोर्टात मी बरीच वर्षे वकिली करतो. पूर्वी माझ्याकडे बांधीच्या धुऱ्यावरून भांडणारे लोक यायचे. ते अजूनही येतात. पण गेल्या दहा-बारा वर्षांत एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. बाप जवाहरनगरच्या आयुध कारखान्यातून निवृत्त झालेला नाहीतर तुमसरच्या बाजारात धानाचा व्यापार करणारा. मुलगा नागपुरात इंजिनिअर होऊन पुण्या-बंगलोरला संगणकाच्या नोकरीत गेलेला. आता त्याला टोरांटोला जायचे आहे. हातात फायली घेऊन बाप येतो आणि विचारतो, 'वकील साहेब, सुनेचं नाव टाकता येते का?'

सून अजून सून झालेली नसते. या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात 'नाही' असे आहे. पण त्या 'नाही'च्या पुढे जे रस्ते फुटतात त्यांतला कोणता धरायचा यावर एका मुलीच्या आयुष्यातली अनेक वर्षे अवलंबून असतात, म्हणून हा लेख.

एका कुटुंबाची हकिगत सांगतो. नावे-गावे मुद्दाम सांगत नाही. मुलाने कॅनडाच्या 'एक्स्प्रेस एंट्री'त नाव घातले होते. २०१५ च्या जानेवारीपासून ही पद्धत सुरू आहे. वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव यांचे गुण मोजतात, अधूनमधून सोडत काढतात, आणि वरच्या गुणांच्या लोकांना अर्ज करण्याचे आमंत्रण पाठवतात. आमंत्रण आले की ६० दिवसांत सगळे कागद जोडून अर्ज करायचा. या मुलाचे साक्षगंध वैशाखात झाले होते, लग्न मार्गशीर्षात ठरले होते. आमंत्रण आले श्रावणात! बाहेर पाऊस, बांधीत रोवणी चाललेली, चातुर्मास बसलेला. साठ दिवस मोजले तर ते तुळशीच्या लग्नाच्या आधीच संपत होते.

नागपूरच्या एका एजंटाने त्यांना उपाय सांगितला होता. लग्नाचे एक सर्टिफिकेट तेवढे काढून घ्या, बायको म्हणून नाव टाका, लग्न सावकाश करा. मुलाचे वडील मला म्हणाले, 'साहेब, ग्रामपंचायतीत आपली ओळख हाय. लग्न तर होणारच हाय. तारीख थोडी मागची टाकली तर कोणाचं काय बिघडते?'

बिघडते, आणि पुष्कळ बिघडते. आपल्याकडे नोंदणीचा कागद म्हणजेच लग्न असा समज पक्का बसला आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे लग्न विधीने होते. ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे त्यांचे सातवे पाऊल पडले की लग्न पूर्ण झाले. ज्यांची रीत वेगळी त्यांचे त्यांच्या रीतीने. हाच कायदा बौद्धांनाही लागू आहे. आठव्या कलमातली नोंदणी हा झालेल्या लग्नाचा पुरावा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जो विवाह नोंदणीचा नमुना भरतात त्यात लग्नाची तारीख आणि ठिकाण लिहावे लागते, वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या लागतात. लग्नच झाले नसेल तर ही सगळी माणसे खोट्यावर सही करतात, आणि त्यांत बहुधा मुलीचा मामा असतो.

नेमका असाच मामला २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. दोघेही प्रशिक्षित वैमानिक. साक्षगंध मार्च २०२१ मध्ये झाले. जुलैत एका संस्थेकडून लग्नाचे प्रमाणपत्र घेतले आणि त्यावर सरकारी नोंदणीही करून घेतली. खरा समारंभ ठरला होता ऑक्टोबर २०२२ चा. त्याआधीच दोघांचे बिनसले. न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती मसीह यांनी सांगितले की विधी झाला नाही, तेव्हा लग्नही झाले नाही. प्रमाणपत्र आणि नोंदणी दोन्ही निरर्थक. त्याच निकालात न्यायालयाने एक गोष्ट नाव घेऊन सांगितली आहे. परदेशच्या व्हिसासाठी वेळ वाचावा म्हणून आईबाप आधी नोंदणी करून घेतात आणि विधी मागाहून करतात, ही पद्धत न्यायालयाने निषिद्ध ठरवली. तो निकाल वाचताना मला आमच्या जिल्ह्यातली चार-पाच घरे डोळ्यांपुढे आली.

आता ही दोन टोके जुळवून पाहा. कॅनडाच्या नियमांत लग्नाची व्याख्या दिली आहे: जिथे लग्न लागले तिथल्या कायद्याने ते वैध असले पाहिजे आणि कॅनडाच्या कायद्यानेही. म्हणजे भंडाऱ्यात जे लग्न कागदावरचे आहे, ते टोरांटोतही कागदावरचेच. उद्या कोणी तक्रार केली, किंवा मुलाखतीत मुलीने सरळपणे 'आमचं लग्न अजून व्हायचं आहे' असे म्हटले, तर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो आणि पाच वर्षे कॅनडाचे दार बंद होते. मुलगा कॅनडात स्थायिक झाल्यावर हे उघड झाले तरी त्याची पीआर धोक्यात येते.

मग खरेच लवकर लग्न लावले तर? ते शक्य आहे. आपल्या पंचांगांत चातुर्मासातही 'आपत्काल' म्हणून मुहूर्त दिलेले असतात, आणि कायदा तर मुहूर्त विचारतच नाही. दुसरी सोय १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची. लोक त्याला 'कोर्ट मॅरेज' म्हणतात, कोर्टाचा त्यात काही संबंध नसला तरी. त्यात अधिकाऱ्यापुढे, तीन साक्षीदारांसमोर लग्न लागते आणि ते पूर्ण लग्न असते. मागून मांडव घातला नाही तरी चालते. पण आधी जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस वास्तव्य हवे. नोटीस लागल्यावर आणखी तीस दिवस थांबायचे. साठांतले तीस तिथेच गेले.

विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या जिल्ह्याचे या दोन्ही कायद्यांशी एक जुने आणि जरा अवघड नाते आहे. हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली कायदामंत्रिपद सोडणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले, आणि आम्ही त्यांना निवडून दिले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात विशेष विवाह कायदा झाला आणि पुढच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा. ते लोकसभेत नव्हते. आज त्याच कायद्यांची कलमे मी भंडाऱ्यातल्या पोरींच्या बापांना वाचून दाखवतो.

असो. त्या कुटुंबाच्या बैठकीत मी विशेष विवाह कायद्याचे नाव काढताच मुलाची आई खूश झाली. 'मग तेच करू ना! सही करून टाका, पोरगी राहील आपल्या माहेरी, लग्न मार्गशीर्षात.' मी मुलीच्या वडिलांकडे पाहिले. ते बराच वेळ गप्प होते. त्यांच्या गप्प बसण्याचे कारण मला ठाऊक होते. सही झाली की ती कायद्याने पत्नी. मार्गशीर्षाच्या आत काही बिनसले, देण्याघेण्यावरून म्हणा की स्वभावावरून म्हणा, तर साक्षगंध मोडल्यासारखे साडी-अंगठी परत करून भागणार नाही. घटस्फोट घ्यावा लागेल. त्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर एक वर्षाच्या आत साधारणपणे घटस्फोटाचा अर्जही करता येत नाही. गावाच्या नजरेत कुमारी आणि कागदावर घटस्फोटिता, अशी मुलगी पुढे कुठे उभी राहणार? लग्न खरे करायचे असेल तर ते खरेच करावे, मुलीला सासरी न्यावे. अर्धे करू नये, असे माझे मत आहे आणि ते मी तिथे सांगितले.

तोवर कोपऱ्यात बसलेली मुलगी पहिल्यांदा बोलली. बीएस्सी झालेली, लाखनीकडच्या एका शाळेत शिकवणारी. म्हणाली, 'काका, मग तोवर मी कोण?'

याचे उत्तर सगळ्यांना, विशेषतः तिला, समजले पाहिजे होते. म्हणून मी मुलाला एक हिशोब मांडायला लावला. आज तो खरोखर अविवाहित आहे. त्याने तसाच, एकट्याचा अर्ज करायला काही हरकत नाही, कारण त्यात खोटे काही नाही. उलट आमंत्रण अविवाहित म्हणून आलेले असताना अर्जाआधीच लग्न केले तर गुणांचा तक्ता बदलतो. एकट्या माणसाला वयाचे जास्तीत जास्त ११० गुण, पत्नी सोबत असेल तर १००. पत्नीचे शिक्षण, इंग्रजी आणि कॅनडातला अनुभव यांचे मिळून वर ४० गुण असतात, पण ते मिळवायला तिनेही इंग्रजीची परीक्षा द्यायची, पदवीचे मूल्यांकन करून आणायचे. साठ दिवसांत मराठी माध्यमाच्या मुलीला हे साधतेच असे नाही, आणि गुण सोडतीच्या रेषेखाली गेले तर आमंत्रणच वाया जाते. कायदा गुण बघतो ते दोन दिवसांचे: आमंत्रणाच्या आणि अर्ज पोचण्याच्या. त्यानंतर लग्न केले म्हणून गुण कमी होत नाहीत.

पण, आणि हा 'पण' मी वहीत लाल शाईने लिहून घ्यायला लावला, लग्न झाल्यावर ते कळवलेच पाहिजे. पत्नीचे नाव अर्जात घालायचे, तिची फी भरायची, तिची वैद्यकीय तपासणी त्यांनी ठरवून दिलेल्या डॉक्टरकडे करायची, पोलीस पडताळणीचा दाखला द्यायचा. ती लगेच सोबत जाणार नसली तरीही. अर्ज लांबतो, लांबू द्यावा. मुलगा कॅनडात पाऊल टाकून स्थायिक रहिवासी होईपर्यंत ही दारे उघडी असतात. त्या क्षणापर्यंत लग्न झाले असेल तर सांगणे बंधनकारक आहे. विमानतळावरचा अधिकारीही विचारतो: व्हिसा मिळाल्यापासून वैवाहिक स्थितीत काही बदल?

आणि तिथे 'नाही' म्हटले तर काय होते? कॅनडाच्या २००२ च्या नियमावलीत ११७ व्या कलमात एक छोटे उपकलम आहे. स्थायिक होताना ज्या कुटुंबीयाची माहिती लपवली आणि त्यामुळे ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे कुटुंबीय म्हणून बोलावता येत नाही. दहा वर्षांनीही नाही. फिलिपाइन्सहून १९९३ साली गेलेल्या एका बाईने एकच मुलगी सांगितली होती, मागे ठेवलेले दोन मुलगे सांगितले नव्हते. पुढे मुलांना बोलावू लागली तेव्हा हेच कलम आडवे आले. २००५ साली तिथल्या संघीय अपील न्यायालयाने ते कलम कायम केले. २०१९ पासून काही निर्वासितांना आणि कुटुंबीय म्हणून गेलेल्यांना थोडी सवलत दिली गेली. पण नोकरी-शिक्षणाच्या गुणांवर गेलेला आमचा इंजिनिअर त्या सवलतीत बसत नाही. त्याला दयेचा अर्ज करावा लागतो, आणि दया ही मागून मिळेलच असे नाही.

एजंट नेमके याच ठिकाणी घात करतात. लग्न झाले, आठ दिवसांनी व्हिसा आला, आता कळवले तर सहा महिने लांबेल, म्हणून सल्ला देतात: 'सध्या गप्प राहा, तिकडे गेल्यावर बायकोला स्पॉन्सर करा.' ऐकणाऱ्याला हे व्यवहारी वाटते. त्या एका गप्प राहण्याची किंमत मुलगा देत नाही, तो तिकडे नोकरीत रमतो. किंमत ती देते, सासूच्या स्वयंपाकघरात बसून. पैसे घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार तिकडच्या परवानाधारक सल्लागारांना आणि वकिलांना आहे. त्यांची यादी सार्वजनिक असते, नाव शोधून पाहायला पैसे पडत नाहीत.

'मग तोवर मी कोण' याचे उत्तर म्हणून मी त्या मुलीला एवढेच सांगितले: मार्गशीर्षापर्यंत कागदावर तू त्याची कोणी नाहीस, आणि ते तसेच असू दे. लग्न लागले की त्या महिन्यात तुझे नाव अर्जात गेले की नाही हे तू स्वतः बघ. अर्जाच्या खात्यावर तो काय भरतो ते तुझ्यासमोर भरू दे. लग्नाआधीच व्हिसा हातात पडला तर त्याने एकट्याने जावे, परत येऊन लग्न करावे आणि मग तुला बोलवावे. तेही सरळ आहे, फक्त लांबचे आहे. तिने हे सगळे शाळेच्या वहीत उतरवून घेतले. मुलाच्या वडिलांना ते फारसे रुचले नाही असे दिसले. मुलाला मात्र रुचले. पुढे मार्गशीर्षात लग्न झाल्यावर चौथ्या दिवशी त्यानेच तिच्या पासपोर्टचा फोटो काढून खात्यावर चढवला.

पासपोर्टावरून आणखी एक भानगड निघाली, ती खास मराठी आहे. आपल्या बाईचे मधले नाव बापाचे असते ते लग्नानंतर नवऱ्याचे होते, आडनाव बदलते, आणि पुष्कळ घरांत ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे पाळण्यातले नावच लिहितात. पदवी नागपूर विद्यापीठाची, एका नावाने. पासपोर्ट त्याच नावाने. लग्नाची पत्रिका एका नावाने, नोंदणीचा दाखला तिसऱ्याच नावाने. या तीन बायका एकच आहेत हे ओटावातल्या बाबूला पटवायला प्रतिज्ञापत्रांची चळत लागते. लग्नाआधी पासपोर्ट काढून ठेवा, आणि तिकडे पोचेपर्यंत नाव बदलू नका, हा सल्ला मी फी न घेता देतो. ताटातले नाव घरात हाक मारायला ठेवावे.

हा पेच फक्त कॅनडाचा नाही. अमेरिकेत ग्रीन कार्ड मंजूर होऊन मुलगा स्थायिक होण्याआधी लग्न झाले असेल तर पत्नी त्याच अर्जाच्या मागोमाग जाऊ शकते. नंतर झाले तर तिची वेगळी रांग. वाग्दत्त वधूसाठी तिकडे १९७० पासून वेगळा व्हिसा आहे, नव्वद दिवसांत लग्न करण्याच्या अटीवर, पण तो अमेरिकन नागरिकालाच मागता येतो, ग्रीन कार्डवाल्याला नाही. कॅनडातही २००२ पर्यंत तिथे स्थायिक झालेल्याला वाग्दत्तेला बोलावता येत असे, नव्या कायद्याने ती वाट बंद केली. २०१५ पासून तर वधूवर दोघेही समक्ष हजर नसलेले लग्न तिकडे इमिग्रेशनसाठी धरत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत दोन गावांतून व्हिडिओवर अक्षता टाकण्याचे प्रकार झाले, त्यांचा तिकडे उपयोग नाही.

ठरलेल्या मुलीकडे संशयाने बघण्याची रीत जुनी आहे. कॅनडाने १९०८ पासून असे नियम लावले की तिथे गेलेल्या हिंदी माणसांना बायकामुले नेणेच जवळपास अशक्य झाले; १९१९ साली ते बंधन सैल झाले. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर आपली एक पस्तीस वर्षांची शिक्षिका उतरली. तिथे राहणाऱ्या आपल्या नियोजित वराशी लग्न करायला ती आली होती. तीन महिन्यांत लग्न करणाऱ्या वाग्दत्तेला तेव्हा व्हिसा लागत नसे. ती खरोखर अविवाहित आहे की नाही हे ठरवायला तिची कौमार्य तपासणी केली गेली. बातमी फुटल्यावर इथे संताप उसळला, मोरारजी देसाईंच्या सरकारने निषेध केला, ब्रिटनने तो प्रकार थांबवला. ती एकटीच नव्हती, हे २०११ मध्ये ब्रिटिश सरकारच्याच कागदांवरून बाहेर आले. आज कोणी तसे करत नाही. आज फोटो मागतात, फोनचे तपशील मागतात, लग्नाला कोण कोण होते ते विचारतात.

न्यूझीलंडने मात्र एक वेगळी गोष्ट केली. तिथे जोडपे काही काळ एकत्र राहिले आहे का ते पाहत, आणि ठरवून केलेल्या लग्नात ते लग्नाआधी कसे असणार? २०१९ मध्ये तो नियम कडक लावू लागले तेव्हा तिथल्या भारतीयांनी आवाज उठवला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सरकारने 'सांस्कृतिक रीतीने ठरवलेल्या लग्ना'चा व्हिसा सुधारून घेतला. आपले 'ठरलं' हा शब्द कुठल्यातरी सरकारी रकान्यात बसलेला मी तेवढाच पाहिला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाव अर्जात गेले म्हणजे मुलगी सुरक्षित झाली असे नाही. परदेशी नवऱ्यांनी टाकून दिलेल्या बायकांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाने २००९ मध्ये वेगळा कक्ष उघडला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत विधी आयोगाने अशा लग्नांसाठी स्वतंत्र, सर्वंकष कायदा करावा असा अहवाल दिला. तेव्हा बापांनो, मुलाचे पगारपत्रक बघता तसा त्याचा अर्जही बघा. साक्षगंधाच्या बैठकीत सोन्याचे तोळे विचारायला आपण लाजत नाही, मग 'तुझ्या अर्जात तू कोण लिहिलं आहेस?' हे विचारायला काय हरकत आहे?

मागच्या हिवाळ्यात पवनीकडची एक मुलगी आली होती. तिने लांबचा रस्ता धरला होता. नवरा लग्नाआधीच, अविवाहित म्हणून, खरे सांगून तिकडे स्थायिक झाला, मग सुटीवर येऊन लग्न लावून गेला. आता तो तिला बोलावत होता, आणि लग्न खरे आहे याचे पुरावे हवे होते. फोटो होते, पत्रिका होती. ती पिशवीतून एक लाल कापडी बांधणीची वही काढून म्हणाली, 'काका, ही चालेल का?' आहेराची वही होती ती. तिच्या सासऱ्यांनी मांडवात बसून लिहिलेली, पाने हळदीच्या बोटांनी डागाळलेली.

चालेल, म्हटले. लग्नाला गाव जेवल्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. फक्त इंग्रजी भाषांतर जोडावे लागेल, आणि ते अर्जदाराने, त्याच्या नातेवाइकाने किंवा त्याच्या वकिलाने केलेले चालत नाही. तिच्या अर्जात मी कोणी नव्हतो, म्हणून मीच बसलो. संध्याकाळपर्यंत चार पाने झाली. अमुक यांजकडून एकशे एक रुपये. अमुक यांजकडून लुगडे. मावशीकडून पितळी गुंड, एक. इथे पेन थांबले. भंडाऱ्याच्या बाजारात कोणीही दाखवील तो गुंड, पण तिकडच्या साहेबाला कसा सांगायचा? 'पाणी भरून ठेवण्याचे पितळेचे भांडे' असे इंग्रजीत लिहिले, कंसात ते लग्नात मुलीला देतात हेही लिहिले, आणि पुढच्या ओळीवर गेलो.